ल्यूबेक : आळणी समुद्राकाठचं मिठाचं गाव

खाडीकाठची

हॅम्बुर्गात राहून सहा वर्षं झाली. पुण्यात आलेल्या पाहुण्याला जसं शनिवारवाड्यावर नेतात, तसं आमच्याकडे आलेल्याला ल्यूबेकला न्यायचं, हे घरात ठरूनच गेलंय. रीजनल गाडीने पाऊण तास. फेरीसुद्धा ठरलेली: होल्स्टेनटोरसमोर फोटो, मोठं चर्च, मार्झिपान या बदामाच्या मिठाईचं दुकान, चारची गाडी. अशा सात-आठ वाऱ्या झाल्यावर मी स्वतःला ल्यूबेकची जाणकार समजायला लागले होते.

या जूनमध्ये आई-बाबा आले. आईचं माहेर अलिबागजवळ थळला. बाबांनी सकाळीच जाहीर केलं, "आधी समुद्र, चर्चबिर्च नंतर." म्हणून ल्यूबेकला गाडी बदलून सरळ ट्रावेम्युंडेला गेलो. ल्यूबेकच्या भोवतीने वाहणारी ट्रावे नदी इथे बाल्टिकला मिळते. किनाऱ्यावर वेताच्या, डोक्यावर छप्पर असलेल्या दोघांच्या खुर्च्या भाड्याने मिळतात. बाबा त्यात जाऊन बसले ते बसलेच. आईने चपला काढल्या, साडी घोट्याच्या वर घेतली, पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"अगं, हे आळणी आहे!"

अगदी आळणी नाही, पण आपल्या समुद्राच्या निम्म्यानेही खारट नाही. बाल्टिकला नद्या भरपूर मिळतात, ऊन कमी, आणि बाहेरच्या समुद्राशी जोडणाऱ्या वाटा अरुंद आणि उथळ. मी हे सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमटीत मीठ विसरल्यावर घाईघाईने वरून चिमूट टाकतात ना, तसं लागतंय."

दुपारी ल्यूबेकात. होल्स्टेनटोर हा शहराचा पश्चिमेचा दरवाजा, १४६४ ते १४७८ या काळात बांधलेला. दोन जाडजूड बुरूज, वर शंकूसारखी छपरं. जमीन दलदलीची असल्याने बुरूज खचलेत आणि कललेत, ते नुसत्या डोळ्यांना दिसतं. बाहेरच्या बाजूला लॅटिनमध्ये लिहिलंय, त्याचा अर्थ "घरात एकी, बाहेर शांतता". बाबा म्हणाले, सोसायटीच्या गेटवर लावायला पाहिजे.

दरवाजाच्या शेजारीच, नदीला लागून विटांच्या सहा उंच, निमुळत्या इमारती उभ्या आहेत. मी नेहमीच्या सवयीने म्हणून टाकलं, "या मिठाच्या वखारी. सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या. आता आत कपड्यांचं दुकान आहे." आणि पुढे चालायला लागले.

आई मागेच थांबली होती. "मिठाच्या? समुद्र आळणी, ऊन नाही. मग मीठ आणलं कुठनं?"

खरं सांगते, सात-आठ वाऱ्यांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. उत्तराचे तुकडे माहीत होते, ते कधी जोडले नव्हते. त्या दिवशी तिथल्या बाकावर बसून जोडले.

मीठ यायचं दक्षिणेकडच्या ल्यूनेबुर्गहून. तिथे जमिनीखाली मिठाचा प्रचंड साठा आहे. त्याचं कडक खारं पाणी वर काढायचं आणि शिशाच्या उथळ कढयांत लाकडं जाळून आटवायचं. आपल्याकडे पेण-उरणला जे काम ऊन फुकटात करतं, त्यासाठी यांनी जंगलं जाळली. ते मीठ आधी बैलगाड्यांतून आणि १३९८ पासून स्टेक्निट्झ कालव्यातून होड्यांनी ल्यूबेकला यायचं. एल्ब नदीच्या बाजूने येणारा हा कालवा मधला चढ ओलांडून ट्रावेच्या खोऱ्यात उतरायचा. चौदाव्या शतकात! आणि ल्यूबेकहून मीठ जहाजात चढायचं ते आज दक्षिण स्वीडनमध्ये असलेल्या स्कोनेच्या किनाऱ्यावर जायला. तिथे उन्हाळा सरता सरता हेरिंग माशांचे थवेच्या थवे यायचे.

आता हेरिंग कोणाला हवं? सगळ्यांना. चर्चच्या उपासांमुळे वर्षातले शंभराहून जास्त दिवस मटण वर्ज्य, मासळी मात्र चालते. (आपल्या उपासाला साबुदाणा, त्यांच्या उपासाला हेरिंग.) समुद्रापासून शेकडो मैल आत राहणाऱ्या माणसालाही मासळी लागणार, आणि ती मिठात घातल्याशिवाय तिथवर पोचणार नाही. मीठ ज्याच्या हातात, मासळी त्याची. बाराव्या शतकात वसलेलं हे नदीतलं बेट हानझे या व्यापारी शहरांच्या सगळ्या संघाचं मुख्य ठाणं झालं, त्याच्या मुळाशी हे खारवलेलं पिंप आहे.

आईचं पुढचं वाक्य मात्र कुठल्याच पाटीवर नाही. तिथल्या हानझे संग्रहालयात (२०१५ साली उघडलं, वेळ काढून पाहाच) नॉर्वेच्या बर्गनहून येणाऱ्या सुक्या कॉड माशाची माहिती आहे. कॉडला मीठ लावत नाहीत. शेपट्या बांधून दोन-दोनच्या जोडीने लाकडी मांडवावर टांगतात आणि थंड वाऱ्यात काठीसारखा कडक होऊ देतात. मी वाचून दाखवत होते. आई म्हणाली, "म्हणजे हा त्यांचा बोंबील. आणि तो मघाचा, तो त्यांचा बांगडा."

मी पाहतच राहिले. बोंबलात तेल जवळजवळ नाही, म्हणून तो उन्हावाऱ्यावर वाळतो. आमच्याकडे दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूवर टाकतात, इथे शेपट्या बांधतात, एवढाच फरक. बांगडा तेलकट. नुसता वाळवायला गेलात तर खवट होतो, त्याला मिठातच घालावं लागतं. हेरिंगही तेलकट, कॉड बिनतेलाचा. म्हणून एका माशाला मीठ हवं आणि दुसऱ्याला नुसता वारा. म्हणून ल्यूबेकला वखारी आणि नॉर्वेला मांडव.

मरियेनकिर्शं हे व्यापाऱ्यांनी बांधलेलं चर्च. आतलं छत साडेअडतीस मीटर उंच, आणि विटांच्या छतांत जगात याहून उंच दुसरं नाही. इकडे चांगला दगड मिळत नाही, म्हणून सगळं विटांचं. आत एका जुन्या शिल्पात कोपऱ्यात छोटा उंदीर आहे, हात लावून लावून काळा कुळकुळीत झालेला. दंतकथा अशी, की चर्चपाशी एक गुलाबाचं झाड होतं, ते फुलतंय तोवर शहर स्वतंत्र राहणार होतं. उंदराने मुळाशी घरटं केलं, झाड वाळलं आणि शहर डॅनिश राजाच्या ताब्यात गेलं. म्हणजे उंदीर खरं तर खलनायक, तरी लोक नशिबासाठी त्यालाच हात लावतात. आईने सिद्धिविनायकाच्या सवयीने त्याच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटलंसुद्धा. मागे रांग लागली होती.

दक्षिणेच्या मनोऱ्याखाली मात्र कोणी बोलत नाही. २८ मार्च १९४२ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले, चर्च पेटलं आणि वरच्या घंटा खाली कोसळल्या. त्या जिथे पडल्या तिथेच, फुटलेल्या, अर्ध्या वितळलेल्या, फरशीत रुतलेल्या अजून तशाच ठेवल्यात. बाबा बराच वेळ जाळीला धरून उभे होते.

तुमच्यापैकी कोणी गेलं असेल तर लिहा. विशेषतः मी काय पाहायचं राहिलं ते सांगा, कारण जाणकारपणाचा भोपळा फुटलाच आहे.

---

अर्धा_डझन_आंबे

मस्त! बांगडा-बोंबील भारी. फोटो दिसत नाहीत (ही ओळ मी प्रत्येक धाग्यावर चिकटवतो, पण इथे खरंच दिसत नाहीत).

---

मार्कवाले_काका

फार जुनी आठवण जागी केलीस. १९८४ मध्ये पिंपरीच्या आमच्या कंपनीने चौघांना सहा महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं होतं. तेव्हा पन्नास मार्कांच्या नोटेच्या मागे हे होल्स्टेनटोर असायचं. आम्हाला रोजचा भत्ता त्याच नोटेत मिळे, त्यामुळे ती इमारत म्हणजे आमच्या लेखी दोन दिवसांचं जेवण. शेवटच्या महिन्यात मुद्दाम बघायला गेलो, तर मित्र म्हणाला, "अरे, नोटेवर सरळ आहे, इथे वाकडी कशी?"

अजून एक. १८६३ साली हा दरवाजा पाडायचं घाटत होतं, रेल्वे आली होती आणि ही जुनी अडगळ कोणाला नको होती. शहराच्या सभेत मतदान झालं आणि एका मताने तो वाचला. एका!

---

वाचनमात्र_होतो

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय, सांभाळून घ्या.

हानझे म्हणजे नक्की काय, ते थोडं सांगतो, कारण लोक त्याला राज्य समजतात. ना राजा, ना कायमची फौज, ना खजिना. व्यापारी शहरांचा संघ, बस. सगळ्या शहरांची पहिली मोठी सभा १३५६ मध्ये ल्यूबेकला भरली, शेवटची १६६९ मध्ये, तीही तिथेच. बंद झाल्याची घोषणा कधीच झाली नाही. पुढची सभा भरलीच नाही इतकंच. आपल्याकडच्या काही मंडळांसारखं.

आणि परदेशातल्या त्यांच्या ठाण्यांना ते कोंटोर म्हणत, त्याला मराठीत तयार शब्द आहे: वखार. लंडन, ब्रुजेस, बर्गन आणि रशियातलं नोव्हगोरोद या त्यांच्या चार मोठ्या वखारी. इंग्रजांची राजापूरला, डचांची वेंगुर्ल्याला होती, त्याच अर्थाने. परक्या मुलखात आपलं कुंपण, आपला माल, आपले नियम आणि स्थानिक सत्तेशी सवलतींचे करार. पटलं नाही की व्यापार तोडायचा. फरक असा, की शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरची वखार खणून काढली तेव्हा इंग्रज पाहत राहिले. हानझेवाल्यांच्या अंगात मात्र भरात असताना डेन्मार्कच्या राजाला युद्धात हरवून १३७० मध्ये हवा तसा तह करून घेण्याइतकं बळ होतं.

बर्गनच्या वखारीत बाई नाही. पोरसवदा शिकाऊ मुलं ल्यूबेकहून जायची, तिथे असेपर्यंत लग्नाला बंदी. सगळं लाकडी बांधकाम, म्हणून राहत्या घरांत विस्तव नाही. नॉर्वेच्या थंडीत! शेक मिळायचा तो मागच्या सामाईक दालनात. तो बोंबील फुकट आलेला नाही.

---

खाडीकाठची

@वाचनमात्र_होतो, इतके दिवस कुठे होतात? "वखार" हा शब्द मी मिठाच्या कोठारांसाठी वापरला आणि तुम्ही त्याचा दुसरा अर्थ काढून दाखवलात. आईला वाचून दाखवलं. "लग्नाला बंदी" ऐकून ती म्हणाली, म्हणून कामं वेळेवर होत असतील.

@काका, एका मताचं माहीत नव्हतं!

---

हिंग_जिरं_कढीपत्ता

शाकाहाऱ्यांनी काय करायचं ते कोणीच सांगत नाही. आम्ही गेल्या वर्षी गेलो. दरवाजाजवळच्या एका खाणावळीत (नाव नको) विचारून विचारून "मटण नाही, मासे नाहीत" म्हणत बटाट्याची डिश मागवली. आली ती वर खारवलेल्या डुकराच्या बारीक तुकड्यांची पेरणी करून. वाढणाऱ्या मुलीचं म्हणणं, "पण हे तर चवीपुरतं आहे!" तिच्या दृष्टीने ते मटण नव्हतंच. नवऱ्याने हसत हसत माझी डिश संपवली, मी दिवसभर मार्झिपान आणि केकवर राहिले.

---

गोंयची_सून

@हिंग_जिरं, मार्झिपानवर राहिलात म्हणजे उपाशी नाही राहिलात :)

निडेरेग्गर हे तिथलं जुनं नाव, १८०६ पासूनचं. टाउन हॉलच्या समोर दुकान, वरच्या मजल्यावर छोटं प्रदर्शन. बदाम आणि साखर, पण साखर जेमतेम. आपण "बदामाची बर्फी" समजून तोंडात टाकतो आणि ती गोडच लागत नाही, म्हणून पहिल्या घासाला बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. दुसऱ्या तुकड्याला कळतं.

आमच्याकडे गोव्यात नाताळच्या कुस्वारात (फराळात) मार्झिपान असतंच, पण ते काजूचं. बदाम कशाला, काजू परसात! सासूबाई साच्यात घालून फळं, मासे, पानं करतात. त्यांना ल्यूबेकचा डबा नेला तर म्हणाल्या, "बरें आसा. पूण काजू नात."

आणि बदाम काही ल्यूबेकला पिकत नाही. साखरही नाही. तेही जहाजानेच आलं. खाडीकाठचीचा मुद्दा इथेही लागू होतो: या गावाची सगळी प्रसिद्धी दुसऱ्यांच्या गावच्या मालावर आहे.

---

बाल्टिक_बाबू

थोडा विरोधी सूर लावतो. ल्यूबेक छान आहे, पण जरा जास्तच घासूनपुसून ठेवलंय. १९४२ नंतर मधला बराच भाग नव्याने बांधला आणि काही कोपऱ्यांत पन्नास-साठच्या दशकातल्या ठोकळा इमारती डोळ्यांत खुपतात. मिठाचीच गोष्ट पाहायची तर ल्यूनेबुर्गला जा. युद्धात ते जवळपास वाचलं. शेकडो वर्षं खालून मीठ उपसल्याने जमीन खचली आणि त्या भागातली घरं कललीत. १९८० पर्यंत मीठ निघत होतं, आता त्या जागी संग्रहालय आहे. मालक ल्यूनेबुर्ग, दलाल ल्यूबेक. आपण दलालाच्या बंगल्याचे फोटो काढतोय.

---

खाडीकाठची

@बाल्टिक_बाबू, "दलालाचा बंगला" कबूल. पण मला दलालच जास्त भावतो. मीठ जमिनीत होतं, त्यात ल्यूनेबुर्गचं कर्तृत्व थोडं. ते मीठ, समुद्रापलीकडची मासळी आणि तिसऱ्याच मुलखातला उपास यांची सांगड घालायला डोकं लागतं. आणि "घासूनपुसून" म्हणाल तर तुम्ही फक्त मुख्य रस्त्यावरून फिरलात. घरांच्या मधल्या बोळांत शिरलात का? मध्ययुगात जागा संपली तेव्हा व्यापाऱ्यांनी पुढच्या घराला भोक पाडून मागच्या अंगणात मजुरांच्या खोल्या उठवल्या. आत जायला वाकावं लागतं इतक्या बुटक्या कमानी. असे नव्वदेक बोळ अजून आहेत. बोळाची रुंदी किमान शवपेटी निघेल इतकी हवी असा नियम होता म्हणतात. लोक अजून राहतात, तेव्हा हळू बोला आणि खिडक्यांत डोकावू नका. आमच्या बाबांनी डोकावलं. आतल्या आजींनी पडदा ओढला.

---

चाळ_नंबर_सात

बोळांवरून आठवलं, हायलिगेन-गाइस्ट-हॉस्पिटल चुकवू नका. १२८६ मध्ये श्रीमंत व्यापाऱ्यांनी म्हाताऱ्या आणि आजारी लोकांसाठी बांधलेलं. पुढे चित्रांनी भरलेली छतं, आणि मागच्या लांबलचक दालनात एकोणिसाव्या शतकात घातलेल्या लाकडी खोल्यांच्या रांगा. खोली एका माणसाची: खाट, कपाट आणि पाय ठेवायला जागा. दारावर नंबर. १९७० पर्यंत तिथे वृद्ध राहत होते!

मी गिरगावातल्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा जणांत वाढलो. त्या खोल्या आमच्या खोलीच्या निम्म्याही नाहीत, पण प्रत्येकाला स्वतःचं दार. ते दार बंद करून पाहावंसं वाटलं. बंदी होती.

---

खोटं_नाणं

मरियेनकिर्शंबद्दल एक भन्नाट गोष्ट कोणीच कशी लिहिली नाही?

१९४२ च्या आगीत चुन्याचे थर गळून पडले आणि खाली मध्ययुगीन भित्तिचित्रं सापडली. युद्धानंतर ती नीट करायचं काम एका दुरुस्तीतज्ज्ञाला दिलं, त्याच्या हाताखाली लोथार माल्सकाट नावाचा चित्रकार. १९५१ मध्ये चर्चच्या सातशेव्या वर्षाला ती झळाळती चित्रं लोकांसमोर आली, तज्ज्ञ भारावले, सरकारने टपाल तिकीट काढलं. १९५२ मध्ये माल्सकाट स्वतःच पुढे आला: वरच्या भिंतीवर फारसं काही उरलंच नव्हतं, ते सगळं मी काढलंय! आधी कोणी विश्वासच ठेवेना. शेवटी खटला, तुरुंगवास.

या बाबाने तीसच्या दशकात श्लेस्विगच्या कॅथेड्रलमध्ये "मध्ययुगीन" चित्रांत टर्की पक्षी काढले होते. टर्की अमेरिकेतला, कोलंबसच्या आधी युरोपात येणार कुठून? त्यावर काही विद्वानांनी काय म्हणावं, तर बघा, आमचे पूर्वज कोलंबसच्या आधी अमेरिकेला जाऊन आले होते! हा युक्तिवाद आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

---

अर्धा_डझन_आंबे

शेवटच्या वाक्याला दंडवत. धागा भरकटायच्या आत पळतो.

---

पर्वतीच्या_पायऱ्या

सप्टेंबरमध्ये सासू-सासऱ्यांना घेऊन जायचंय. दोघांचे गुडघे दुखतात. जमेल का? आणि तिकिटाचं कसं?

---

खाडीकाठची

@पर्वतीच्या_पायऱ्या, जमेल, पण बूट चांगले घाला. जुन्या भागात दगडी गोट्यांचे रस्ते आहेत, सपाट चप्पल असेल तर तळपाय बोलायला लागतात. शहर बेटावर, मधोमध उंचवटा, त्यामुळे नदीकडून वर येताना हलका चढ लागतो. स्टेशनपासून होल्स्टेनटोर दहा मिनिटं चालत. उंचावरून बघायचं तर पेट्रीकिर्शंच्या मनोऱ्यात लिफ्ट आहे, पन्नास मीटरवर नेऊन सोडते. पाच चर्चांचे सात मनोरे तिथून मोजायला लावा, सासरेबुवा रमतील. त्यांतला एक तुमच्या पायाखालचा, हे विसरून सगळे सहाच मोजतात.

महिनाभर फिरणार असाल तर डॉइचलांड-टिकीट घ्या, रीजनल गाड्यांना चालतं, आयसीई या वेगवान गाड्यांना नाही. ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं, म्हणून दहा तारखेच्या आत रद्द करायला विसरू नका. एकच दिवस जाणार असाल तर श्लेस्विग-होल्स्टाइनचं दिवसभराचं गटाचं तिकीट बघा, हॅम्बुर्गहूनही चालतं.

आणि खलाशांचं याकोबीकिर्शं बघा, तिथे गर्दी नसते. १९५७ मध्ये बुडालेल्या "पामीर" या शिडाच्या जहाजाची मोडकी जीवरक्षक होडी आत ठेवलीय. ८६ पैकी ८० गेले, बरेचसे शिकाऊ पोरगे. त्या होडीसमोर आई काही बोलली नाही, पर्समधून रुमाल काढला फक्त. थळच्या प्रत्येक घराला हे माहीत असतं.

---

चिंबोरी

दोन दिवस उशिरा आलो. रेवदंड्याचा आहे, त्यामुळे हक्काने विचारतो. आईंनी हेरिंग खाऊन पाहिलं की नाही? तो पावात घालून देतात तो?

---

खाडीकाठची

खाल्लं ना. ट्रावेम्युंडेच्या धक्क्यावर, कच्च्या कांद्याबरोबर, पावात. पहिला घास बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, "मासा चांगला आहे. यांना चिंच माहीत नाही, त्याला कोण काय करणार."

आज फोनवर तिला हा सगळा धागा वाचून दाखवला. तिची एकच तक्रार आहे: एवढं लिहिलंस, पण बांगड्याला मीठ किती लावायचं आणि किती दिवस दाबून ठेवायचा, ते कुठे लिहिलंस?

---

चिंबोरी

मग लिहा की.

---

खाडीकाठची

विचारलं. "अंदाजाने" म्हणाली.